धोंडूचा हात हलका

६ जानेवारी २०२५, सोमवार

आजपासून रोजनिशी. माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारं कोणीतरी हवं, आणि माणसांकडून आता अपेक्षा नाही.

विषय कुलूपकट्टा. किल्ली न लावता कुलूप उघडण्याच्या छंदाचा टेलिग्रामवरचा मराठी ग्रुप. संस्थापक मी. भीमराज सहसंस्थापक, म्हणजे कॉलेजपासूनचा मित्र, घाटकोपरला राहतो, लॉकडाऊनमध्ये बोअर होत होता म्हणून मीच ओढला. दोन बारीक हत्यारं घ्यायची, कुलपातल्या पिना एकेक करून दाबायच्या आणि कुलूप उघडायचं. कुलूप स्वतःचं हवं आणि कुठल्याही दाराला लावलेलं नको, हे आमचे दोन नियम. चोरी नाही, शास्त्र आहे. बायकोला, रुचिराला, हे चार वर्षं समजावतोय. ती म्हणते, शास्त्र तर शास्त्र, पण जेवायच्या टेबलावर नको.

आज नवीन लोकांनी विचारलेले प्रश्न. कुठलं कुलूप घेऊ? हे लीगल आहे का? हत्यार कसं धरायचं? जोर किती लावायचा? विकी नावाच्या इसमाने विचारलं, बायकोच्या कपाटाचं उघडेल का? अरे, बायकोला विचार ना!

‘प्रथम वाचा’ नावाची माझी पीडीएफ सगळ्यांत वर पिन करून ठेवली आहे. लिहायला अख्खी दिवाळीची सुट्टी गेली. वाचली कोणीच नाही.

संकल्प: उद्यापासून एकाही बेसिक प्रश्नाला उत्तर देणार नाही.

७ जानेवारी, मंगळवार

विकीला उत्तर दिलं. ‘पीडीएफ वाचा’ एवढंच. हे उत्तरात धरायचं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

बोरिवलीच्या दर्शना नावाच्या बाई नवीन आल्यात. त्यांचा प्रश्न, सुबोध सर, पाच पिनांच्या कुलपात आधी कुठली पिन दाबायची? मी लिहिलं की ज्यांना हे कळत नाही त्यांनी आधी कडी-कोयंड्यावर सराव करावा. बऱ्याच जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. नंतर चष्मा लावून बघितलं तर ते रडण्याचे होते.

भीमराजचा फोन. म्हणाला, जरा नरमाईने घे ना यार, लोक शिकायला येतात. मी म्हटलं, शिकायला यावं, विचारायला येऊ नये. त्याने फोन ठेवला. पटलं असावं.

नवीन नियम टाकला. नियम तीन: बेसिक प्रश्न विचारणाऱ्यास काढून टाकण्यात येईल.

११ जानेवारी, शनिवार

साकीनाक्याचा आकाश, त्याचा तिथे मशीनचा गाळा आहे, म्हणाला की दोन फेब्रुवारीला रविवारी सगळे माझ्या गाळ्यावर भेटू या. सगळे हो म्हणाले. मग दर्शनाबाईंनी लिहिलं की सरांनी ग्रुपवर लावलेल्या त्या उघड्या कुलपाच्या फोटोबद्दल फार ऐकून आहे, कुलूप उघडताना प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

मी लिहिलं, पाच पिनांचं, एका मिनिटात.

का लिहिलं कोण जाणे. पण येतं मला. फोटोतलं कुलूप मीच उघडलं होतं. शेवटी शेवटी किल्लीची थोडी मदत घेतली, ती फक्त फिरवण्यापुरती.

१२ जानेवारी, रविवार

सराव. कुलूप उघडलं नाही. कुलूप डिफेक्टिव्ह आहे.

१३ जानेवारी, सोमवार

ऑफिसमधून येताना मुलुंड स्टेशनजवळून दुसरं कुलूप आणलं. हेही डिफेक्टिव्ह. हल्ली माल बनवतच नाहीत धड. अंगठ्याला फोड.

ऑफिसच्या सगळ्या किल्ल्या ॲडमिनमध्ये माझ्या ताब्यात असतात. अठरा वर्षं. कुलूप मला नाही कळणार तर कोणाला?

१४ जानेवारी, मंगळवार

कट्ट्यावर तिळगूळ घ्या गोड बोलाचे मेसेज. सगळे डिलीट केले. ऑफ-टॉपिक.

१५ जानेवारी, बुधवार

झकास आयडिया!

अडचण एकच आहे. जोर किती लावायचा, या एका मुद्द्यावर मला सेकंड ओपिनियन हवं. पण संस्थापकाने हे विचारायचं म्हणजे वाट लागली. तेव्हा रुचिराचा जुना फोन काढला. बॅटरी गेलेली, चार्जरवरून उपटला की लगेच मरतो, पण प्लगला लावून ठेवला की चालतो. तिचं जुनं सिम घातलं. नवीन सभासद तयार. नाव धोंडू. हे माझ्या आजोबांचं नाव. मूळ कणकवली, रिटायर, सध्या गोरेगावला मुलाकडे, गुडघा दुखतो. एवढी माहिती कोणी मागितली नव्हती, पण माणूस खरा वाटला पाहिजे.

धोंडूने कट्ट्यावर ही सगळी ओळख देऊन लिहिलं: नमस्कार मंडळी, मी नवीन आहे, जोर किती लावायचा ते कोणी सांगेल का?

कोणाला संशय येऊ नये म्हणून मी लगेच माझ्या फोनवरून झापला त्याला. लिहिलं, या वयात वाचता येत नसेल तर नातवंडांकडून पीडीएफ वाचून घ्या. जरा जास्तच झालं. धोंडूने सॉरी म्हटलं. काय करणार बिचारा.

१६ जानेवारी, गुरुवार

दगा. दगा. दगा.

धोंडूला भीमराजचा पर्सनल मेसेज. म्हणे, धोंडूकाका, मनावर घेऊ नका, आमचा ॲडमिन असाच आहे, तुम्ही इकडे या. खाली लिंक.

उघडली. ग्रुपचं नाव ‘बालवाडी’. खाली लिहिलंय, इथे काहीही विचारा. आत बघतो तर विकी, आकाश, दर्शनाबाई, कट्ट्यावरचे झाडून सगळे. मी सोडून सगळे! दोन वर्षं चाललंय हे. मी ज्यांना झापतो त्यांना हा भीमराज तिकडे नेऊन बसवतो. त्याच्या लग्नात मी अक्षता वाटल्यात.

आणि तिथे माझी पीडीएफ पिन केलेली आहे. वर सूचना: पान तीनवर ‘भरपूर जोर लावावा’ लिहिलंय ते चुकीचं आहे, सोडून द्या.

वाईट वाटलं. मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. जेवलो नाही. नंतर जेवलो, रुचिराने कोलंबी केली होती.

संकल्प: बालवाडी सोडायची नाही. धोंडू आता माझा गुप्तहेर. पुरावे गोळा करायचे, आणि दोन तारखेला गाळ्यावर सगळ्यांसमोर बॉम्ब टाकायचा.

१८ जानेवारी, शनिवार

हेरगिरी सुरू. धोंडूने तोच प्रश्न बालवाडीत विचारला. दर्शनाबाईंनी सांगितलं, काका, आईच्या डोळ्यांत ड्रॉप घालताना तिची पापणी आपण कशी धरतो, तेवढाच जोर. विकीने व्हॉइस मेसेज टाकला, काका, मी पण आधी लई दाबायचो. आकाशने हात कसा ठेवायचा त्याचा फोटो पाठवला. शेवटी भीमराजने विचारलं, गुडघा कसा आहे?

धोंडूने कळवलं, बरा आहे. खरं तर जिना चढताना दुखतो. पण माझ्या घरात हे अजून कोणी विचारलेलं नाही. (कोणाला सांगितलेलंही नाही.)

२१ जानेवारी, मंगळवार

नवीन लोक किती बावळट असतात याचा नमुना म्हणून रुचिराला धोंडूचे मेसेज वाचून दाखवले. तिने भाजी निवडणं थांबवून ऐकलं. म्हणाली, किती गोड माणूस आहे रे, तुझ्या ग्रुपमध्ये असे लोक आहेत होय, बोलव ना एकदा जेवायला.

मी म्हटलं, तो येणार नाही.

तर म्हणते, तू नीट बोलावलंस तर येईल.

२३ जानेवारी, गुरुवार

कट्ट्यावर आठवडाभर एकही मेसेज नाही. मी लिहिलं, ग्रुपमध्ये शिस्त आल्याचा आनंद आहे. अंगठाही कोणी दाखवला नाही.

२५ जानेवारी, शनिवार

उघडलं!!

दुपारी रुचिरा बहिणीकडे गेली होती. पापणी मनात धरून बसलो. पहिली पिन, दुसरी, मग कितीतरी वेळ काहीच नाही. हात तसाच ठेवला. घाई केली नाही, कारण धोंडूला कसली आलीय घाई. मग खट् झालं आणि कडी वर आली.

बराच वेळ नुसता बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. घरात कोणी नव्हतं म्हणून येऊ दिलं.

२६ जानेवारी, रविवार

फोटो बालवाडीत टाकला. तिथे पद्धत अशी की एखाद्याचं पहिलं कुलूप उघडलं की बाकी सगळे आपापल्या पहिल्या कुलपाचा फोटो टाकतात. दिवसभर फोटो येत होते. टपालपेटीचं, सायकलचं, डब्याचं. भीमराजने बॅगेचं फालतू इवलंसं कुलूप टाकलं आणि लिहिलं, काका, मला याला दोन महिने लागले होते, तुमचा हात हलका आहे.

गद्दार. पण छान वाटलं.

दोन तारखेला काकांना आणायचंच, असं सगळ्यांनी ठरवलंय. धोंडू गुडघ्याचं निमित्त सांगतो आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

प्लॅन पक्का. एक: कुलूप एका मिनिटात उघडायचं. दोन: सगळे टाळ्या वाजवत असताना हात वर करायचा. तीन: म्हणायचं, मीच धोंडू, तुमची बालवाडी मला पहिल्यापासून माहीत आहे. चार: गाळ्यात शांतता. पाच: भीमराज माफी मागतो. सहा: मी विचार करून सांगतो म्हणतो.

निळा शर्ट इस्त्री करून ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार

गाळ्यात पोचलो. सगळे उठून उभे राहिले, मान म्हणून असेल, पण मग सगळे माझ्या मागे दाराकडे बघायला लागले. विचारलं तर म्हणाले, धोंडूकाका येतायत का बघतोय. त्यांच्यासाठी उशी घातलेली खुर्ची ठेवली होती. टेबलावर कागदात बांधलेलं कुलूप, वर नाव धोंडूकाका.

माझ्यासाठी स्टूल.

माझं डोकंच फिरलं. प्लॅनमधलं एक आणि दोन राहिलं बाजूला, मी थेट तीनवर गेलो. ओरडलो, कोणी येणार नाहीये, मीच धोंडू आहे!

आधी सगळे हसले. मग दर्शनाबाई चिडल्या. म्हणाल्या, सर, तुम्ही त्या म्हाताऱ्या माणसाला नातवंडांवरून बोललात, त्यांनी उलट सॉरी म्हटलं, आणि आता त्यांचं नावही तुम्हालाच हवं का? मी म्हटलं, फोन घरी आहे, चार्जरवरून काढता येत नाही. यावर विकी इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं.

आकाश म्हणाला, सिंपल आहे सर, काकांनी याच मॉडेलचं कुलूप उघडलंय, तुम्ही उघडा. समोर ठेवलं. सगळे गोल करून उभे. मी पापणी आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. समोर भीमराज उभा, हाताची घडी घालून, आणि मला फक्त बालवाडीची ती दोन वर्षं आठवत होती. दाबलं. अजून दाबलं. हत्यार वाकलं.

आकाश म्हणाला, काकांचा हात असा नाहीये.

भीमराज मला रिक्षापर्यंत सोडायला आला. हळू आवाजात म्हणाला, त्या साध्या माणसाला कशाला मध्ये ओढलंस रे? मी रिक्षात बसलो. कॉलेजपासूनचा मित्र, आणि मी खरं बोललो तर ओळखत नाही!

घरी आलो. धोंडूच्या फोनवर मेसेजच मेसेज. काका, आला नाहीत, बरं आहे ना? सुबोध सर तुमचं नाव सांगत होते, पण आम्ही कोणी विश्वास ठेवला नाही, निश्चिंत असा. तुमचं कुलूप ठेवलंय.

तिथेच लिहायला घेतलं की गाढवांनो, मीच सुबोध. सगळं टाइप केलं. मग वाटलं, पाठवलं तर धोंडूलाही बालवाडीतून काढतील. खोडलं.

सगळ्यांत मोठा दगा धोंडूने दिला. माझ्या घरात राहून, माझ्या विजेवर.

३ फेब्रुवारी, सोमवार

कट्टा सोडून एकेक जण गेला. आधी विकी, मग दर्शनाबाई, मग सगळे. भीमराज शेवटी गेला.

आता सभासद दोन. मी आणि धोंडू. एवढं सगळं झालं तरी तो माणूस थांबला. निष्ठा म्हणतात ती ही. कालचं मागे घेतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

भीमराजचा धोंडूला पर्सनल मेसेज. लांबलचक. म्हणे, काका, एक काम होतं. आमचा सुबोध एकटा पडलाय. माझा फोन तो उचलत नाही. माणूस वाईट नाही हो, पण न येणारी गोष्ट येत नाही म्हणायला त्याला जमत नाही, म्हणून समोरच्यालाच झापतो. त्या फोटोत किल्ली लावली होती हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, मी कधी कोणाला बोललो नाही. माझा दोस्त आहे तो. बालवाडीत त्याला कधीपासून बोलवायचं होतं, पण कसं विचारू तेच कळलं नाही. आता त्याच्या ग्रुपमध्ये तुम्ही एकटेच उरलात. तुमच्या बोलण्यात गोडवा आहे, तुमचं ऐकेल तो. बोलाल का त्याच्याशी?

दोनदा वाचला. मग उठून पाणी प्यायलो. रुचिराने विचारलं काय झालं, म्हटलं गुडघा दुखतोय. तिने तेल आणलं आणि चोळत बसली.

धोंडूने उत्तर दिलं: प्रयत्न करतो, पण खरं सांगू का, मला त्यांची जरा भीतीच वाटते.