दिवाणावर आधी कोण बसलं

सोमवार, ४ मार्च

शनिवारच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलं — पापांनी अक्रोडाच्या जुन्या दिवाणाचे चारही पाय चाचपले, तो घ्यायला आलेल्या आल्विनकाकांना ‘अख्खा आहे’ म्हणाले, आणि मग मी दिवाणावर बसले. तसं झालं नाही. आधी मी बसले, मग पापा बोलले.

दुसऱ्या कुठल्या घरात याचा फरक पडला नसता. पण आमच्या दुकानाचा नियम आहे. जुन्या वस्तूवर विश्वास असेल तर धाकट्यानं गिऱ्हाइकासमोर तिच्यावर बसायचं. शंका असेल तर उभं राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. गिऱ्हाइकासमोर बाप-लेकीनं वाद घालायचा नसतो. मला अक्षरं आईनं शिकवली, लाकूड पापांनी, आणि हा नियम लाकडाबरोबर आला.

शनिवारी मी बसले ते नवे बूट चावत होते म्हणून. दिवाणाकडे नीट पाहिलंही नव्हतं.

मंगळवार, ५ मार्च

ऑस्टिनहून नवीन पद्धतीचे दोन दिवाण आले. लोखंडी सांगाडा, खाली ओढायचा दुसरा पलंग. आईनं मागवलेत. दुपारपर्यंत एक गेलासुद्धा.

पापा : “याला दिवाण म्हणायचं तर आमच्या ट्रकला घोडा म्हणा.”

आई : “घोडा विकला गेला, एर्विन. तुझी अक्रोडाची म्हातारी अजून इथंच आहे.”

बुधवार, ६ मार्च

आल्विनकाकांच्या दिवाणाला मेण लावलं. सुंदर आहे. अक्रोडाचा, दोन्ही टोकं बाहेर कललेली, पाठ बुटकी, कातीव पाय. हा आपल्या पणजोबांच्या हातचा, अशी काकांची खात्री आहे. ते तो चर्चच्या हॉलला देणार, वरच्या भिंतीवर पितळेची पट्टी लावून, पणजोबांच्या नावाची. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन न्यायला येतील.

पुढच्या पायांवरून फडकं फिरवताना पाय तळहाताला लंबगोल लागले. तसेच लागायला हवेत. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही. शंभर-दीडशे वर्षांत गोल पाय गोल राहत नाही.

मागचे दोन्ही गोल आहेत.

फडकं टाकून नुसत्या हातानं पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. गोलच. म्हणजे मागचे पाय कुणीतरी नंतर बसवलेत. धंद्यात अशा वस्तूला ‘लग्न लागलेली’ म्हणतात — एकाचं धड, दुसऱ्याचे पाय; सगळे भाग मूळचे असले तर ‘अख्खी’. पापा गिऱ्हाइकांना नेहमी सांगतात, “माझ्या दुकानात लग्न लागलेली एकच जोडी, मी आणि लीना.”

असं लग्न ओळखायला ते कधी चुकलेले मला आठवत नाही. मग त्यांना कळलं नाही, की कळूनही बोलले नाहीत? दुसरं लिहिताना लाज वाटते. तरी लिहिलं आहे, खोडणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च

दुपारी पापा त्याच दिवाणावर आडवे झाले होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक दिवाणावर ते एक तरी झोप काढतात. म्हणतात, पाठीला दिवाण कळतो.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मागचे पाय कसे वाटले, पापा?”

डोळे न उघडता म्हणाले, “तू बसलीस ना?”

“हो.”

“मग झालं तर.”

थट्टा करतायत असं वाटलं.

शनिवार, ९ मार्च

आज लाकूड चिकटवायच्या सरसाचं तापलेलं भांडं चुलीवरून पापांनी दांडा सोडून अंगाला धरून उचललं. उचललं आणि बोलत राहिले, पिकनच्या लाकडाच्या फळ्या कुठून आणायच्या ते. मी ओरडले. त्यांनी भांडं ठेवलं आणि हाताकडे पाहिलं, कुणा दुसऱ्याचा असावा तसं. बोटांवर फोड आले आहेत.

मी स्वयंपाकघरात गेले. आई बटाटे सोलत होती.

“आई, पापांच्या हाताला काय झालंय?”

“वर्षभर त्यांच्या शर्टाची बटणं कोण लावतंय असं तुला वाटलं? रक्तातल्या साखरेनं बोटं बधिर झालीत.”

“मग लाकूड कसं ओळखतात?”

“तुझ्याकडे बघून. तू बसलीस की ‘अख्खा’. उभी राहिलीस की घसा खाकरून ‘बघू’. मी गल्ल्यावरून रोज बघते.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू या जन्मात बसली नसतीस, बाई. मी ओळखते तुला.”

खरं आहे ते. बसले नसते.

रविवार, १० मार्च

चर्चनंतर आल्विनकाका मला हात धरून हॉलमध्ये घेऊन गेले. खिडकीखालची जागा दाखवली. भिंत रंगवून घेतली आहे.

“पट्टी करायला टाकली,” म्हणाले. “पास्टर विचारत होते, नक्की का? म्हटलं, एर्विननं हात लावून सांगितलंय. आता देवाला विचारायला गेलात तर तोही एर्विनकडेच पाठवेल.”

मी हसले. हसायला नको होतं. जेवणात बटाट्याचं सॅलड होतं, ते ताटलीत तसंच ठेवून उठले. तिथल्या तिथं सांगितलं असतं तर पापांची बोटं सगळ्या गावासमोर उघडी पडली असती. नाही सांगितलं तर भिंतीवर खोटं लागतं आहे, आणि ते माझ्या बसण्यामुळं.

सोमवार, ११ मार्च

पापांना सांगितलं. दुपारी, ते आडवे होण्याच्या आधी.

“मागचे पाय गोल आहेत.”

त्यांनी वाकून मागच्या पायांकडे पाहिलं. मग, “मग बसलीस कशाला?”

“बूट चावत होते.”

हसले. इतके हसले की त्यांना दिवाणाच्या पाठीला धरावं लागलं. “म्हणजे आल्विनच्या पणजोबांची पट्टी तुझ्या टाचेवर उभी आहे!” मग हसणं थांबलं. पट्टी बांधलेल्या हाताकडे बघत म्हणाले, “आईनं सांगितलं?”

“हो.”

“तिला सांगू नको म्हटलं होतं.”

मी म्हटलं, काकांना आजच फोन करू. ते नको म्हणाले. आमच्याकडे शब्द दोनदा देतात — वस्तू पसंत पडते त्या दिवशी, आणि उचलून नेतात त्या दिवशी. “उचलायच्या दिवशी काय ते,” म्हणाले. घसा खाकरला. “बघू.”

ते ‘बघू’ माझ्या डोक्यातून जात नाही. काकांसमोर पुन्हा ‘अख्खा’ म्हणाले तर? त्या वेळी माझं नुसतं उभं राहणं पुरणार नाही. आणि त्यापुढे मला काही शिकवलेलं नाही.

मंगळवार, १२ मार्च

दुपारी पापा दिवाणावर आडवे झाले नाहीत. शेजारी उभे राहिले, त्यांचा कातडी एप्रन काढून माझ्या गळ्यात घातला आणि म्हणाले, “चाचपायचं तू, बोलायचंही तू. बसायचं की उभं राहायचं ते मी बघतो. आता धाकटा मी.” एप्रनची गाठ त्यांना मारता आली नाही, माझी मीच मारली.

परवा, गुरुवारी १४ मार्चला, काका दिवाण न्यायला येतायत. त्या दिवशी आल्विनकाकांसमोर मी हात लावणार आणि ‘लग्न लागलेला आहे’ असं मोठ्यानं म्हणणार. जुने बूट घालून.