अकरा दिवसांचा पारा

२८ जानेवारी

पुन्हा तेच. कप खाली ठेवायच्या आत यांनी विषय काढला. या वर्षी तरी जाऊ या म्हणे. मी नेहमीचं उत्तर दिलं — तिथलं ऊन तुम्हाला सोसणार आहे का? पंधरा वर्षं हे एक वाक्य मला पुरलं आहे. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून तर त्याला सोन्याचा भाव आला. चौतीस अंशांवर पारा गेला तर घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनीच बजावलेलं. मला काही बोलावंच लागत नसे.

पण आज पत्र आलं आहे. पाराकाकांचं, माझ्या त्या गावातल्या जुन्या साहेबांचं. दर जानेवारीत येतं — एक कार्ड, तीन ओळी. तब्येत ठीक. ऊन वाढत चाललं आहे. एकदा यावे. या वेळचं सुनेच्या हातचं. मामंजींना आता दिसत नाही, रोज तुमची आठवण काढतात, जमलं तर याच वर्षी या.

"याच वर्षी," यांनी दोनदा वाचून दाखवलं. मी बहिरी असल्यासारखं!

२९ जानेवारी

गुडघा. बाकी काही नाही.

२ फेब्रुवारी

जावयाने उद्योग करून ठेवला. हवामानखात्याचे तिथले जुने आकडे कुठून तरी मिळवले, छापले आणि तीस पानं घरपोच पाठवली. तीस वर्षांचं कमाल तापमान, रोजचं. यांना खेळणं मिळालं. जेवणाच्या टेबलावर पट्टी, तांबडी पेन्सिल आणि हे. पोळ्या मी ओट्याशी उभी राहून खाल्ल्या.

दुपारी हाक आली. "अगं, हे बघ. आपण तिथे होतो त्या वर्षी मार्चअखेरसुद्धा काय गोड हवा होती! अठरा ते अठ्ठावीस तारखेत एकतीस-साडेएकतीसच्या वर गेलंच नाही."

मी चष्मा आणला. एकतीस दोन. एकतीस चार. एकतीस. एकतीस तीन. अकरा दिवस, जणू कोणी इस्त्री फिरवली आहे. मला बसावं लागलं. गुडघा म्हटलं.

"तेव्हा मी परीक्षेच्या कामावर बाहेरगावी होतो, नाहीतर आठवलं असतं," हे म्हणाले आणि त्या ओळीभोवती तांबडा चौकोन काढला. इतिहासाचे मास्तर. एक पुरावा हाती लागला की यांचं राज्य उभं राहतं.

३ फेब्रुवारी

लिहून टाकते. वहीला तरी खरं कळू दे.

ते आकडे माझे आहेत. मी घरात बसून लिहिलेले.

सव्वीस वर्षांची होते. नोकरी कच्ची. हवामानखात्याच्या केंद्रावर आम्ही दोघंच, मी आणि माझे वरिष्ठ. कचेरीत मी त्यांना साहेब म्हणायची. पाराकाका हे नाव आमच्या लेकीने पाडलं, कारण ते तिला उचलून थर्मामीटरातला पारा दाखवत. घर, कचेरी एकाच आवारात, आणि मोकळ्या माळाच्या पार टोकाला थर्मामीटरची ती पांढरी लाकडी पेटी, चारी बाजूंनी झडपांची. वारा आत जातो, ऊन जात नाही. रोज सकाळ-संध्याकाळ चालत जायचं, पेटी उघडायची, आकडा बघायचा, परत येऊन नोंदवहीत शाईने चढवायचा. खोडायचं नाही, गिरवायचं नाही, अंदाजाने लिहायचं नाही. नियम तीनच.

काका रजेवर होते — गावातल्या घराचं छप्पर दुरुस्त करायचं होतं. हे बाहेरगावी. दोन वर्षांची पोर तापाने फणफणलेली, औषध गावातून मागवलेलं. तिला टाकून माळापर्यंत कशी जाणार? पहिल्या दिवशी खिडकीतून बाहेर बघितलं आणि आकडा लिहिला. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचा बघून. असे अकरा.

थंडीत तपासणी आली. अधिकाऱ्याने त्या ओळींवर बोट ठेवून विचारलं, मार्चात पारा असा आज्ञाधारक असतो का? मी तोंड उघडायच्या आत काका म्हणाले, "त्या अकरा दिवसांच्या नोंदी माझ्या आहेत. मी रजेवरून मधे आलो होतो."

आकड्यांवरून हात ओळखू येत नाही. मी उघडलेलं तोंड मिटलं.

त्यांना ठपक्याचा शेरा मिळाला. बढती गेली ती गेलीच, बदलीसुद्धा कधी झाली नाही. निवृत्तीपर्यंत त्याच भट्टीत. मला दोन महिन्यांत इथली थंड बदली. आणि आकडे? ते तोवर वरच्या कचेरीत पोचून छापले गेले होते. ते कोण परत मागवतं!

शाळेतल्या ख्रिस्ती मुलींचा मला फार हेवा वाटे. शनिवारी त्या लाकडी जाळीपाशी गुडघे टेकायच्या, आतल्या पाद्र्यापाशी पापांची कबुली पुटपुटायच्या आणि हसत बाहेर यायच्या. सगळं साफ! मी सिस्टरला विचारलं होतं, मी जाऊ का. ती म्हणाली, तुझ्यासाठी नाही ते. माझ्या वाट्याला झडपांचीच पेटी आली, आणि तीही मी उघडली नाही.

७ फेब्रुवारी

यांनी सहल-कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई इतकी गोड की मला दाताचा डॉक्टर आठवला. 'वसंत-विशेष' सहल आहे म्हणे. सकाळी दहाच्या आत प्रेक्षणीय स्थळं, मग पाचपर्यंत थंडगार खोलीत विश्रांती. मी फोन घेतला आणि विचारलं, स्थळं कोणती? जरा थांबून म्हणाली, मॅडम, मुख्य म्हणजे निवांतपणा. मी त्या गावात तीन वर्षं काढली आहेत. निवांतपणा सोडून तिथे दुसरं काही नव्हतंच, त्याचे पैसे कसले घेता?

फोन ठेवला. यांनी स्वतःच आखायला घेतलं. रात्रीची थंड डब्याची गाडी, स्टेशनाजवळची खोली, ओले पंचे, साखरमिठाचं पाणी, बाहेर पडायचं ते साडेनऊपर्यंत. सगळं बरोबर. तारीख तेवढी चूक — अठरा मार्च.

संध्याकाळी लेकीचा फोन. बाबांना उन्हात कुठे नेतेस, तुला काही काळजी आहे का, चार तास माळावर उभं करशील त्यांना. मी ऐकून घेतलं. जिच्या तापापायी हे सगळं झालं तीच मला उन्हाबद्दल शिकवते आहे.

१० फेब्रुवारी

म्हटलं, जायचंच तर लवकर जाऊ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात.

यांनी पेन्सिल खाली ठेवली. "पंधरा वर्षं नको नको म्हणत होतीस, आता घाई?"

अठरा तारखेला तिथे भाजून निघाल, म्हटलं. तर यांनी तांबडा चौकोन पुढे सरकवला. सरकारी कागद, छापील आकडे, आणि खातं माझंच! माझ्याच खात्यावर माझाच विश्वास कसा नाही, असं विचारतात. काय सांगू?

वर बाजारातून वेताची टोपीही घेऊन आले आहेत. बरी दिसते. मी तसं म्हटलं नाही.

१३ फेब्रुवारी

आज गळ्याशी आलं.

हे ती पानं घेऊन डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चौकोन बघितला, एकतीस ना, मग खुशाल जा म्हणाले, आणि मार्चअखेरपर्यंत गोळी तीच ठेवली. हे शीळ घालत जिना चढले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी शीळ!

चाळीस अंशांत हा माणूस टोपी घालून उभा राहणार, आणि ते माझ्या एकतीसच्या भरवशावर. इतकी वर्षं त्या आकड्यांनी एका माणसाची नोकरी खाल्ली. आता घरातला माणूस खायला निघाले होते.

मी गॅस बंद केला आणि टेबलाशी येऊन बसले. सगळं सांगितलं. पोरीचा ताप, अकरा दिवस, तपासणी, काकांचं वाक्य, माझं मिटलेलं तोंड.  

मग हे म्हणाले, "म्हणजे पंधरा वर्षं मी उगाच उन्हाला शिव्या घालत होतो."

मी म्हटलं, हो.

टोपीची कड कुरवाळत बसले. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. यांनी खोडरबर घेतलं आणि तो चौकोन पुसायला लागले. तांबडी पेन्सिल पुसली जात नाही. कागद फाटला.

"त्यांना कधी सांगितलंस?"

"त्यांना माहीत आहे."

"ते मी विचारलं नाही."

१५ फेब्रुवारी

पत्र लिहिलं. चार कागद फाडले. शाळेत सिस्टरने पत्रलेखन घोटून घेतलं होतं — आभाराचं, शोकाचं, रजेचं. हे शिकवलं नाही.

पाचव्या कागदावर सरळ लिहिलं. साहेब, ते आकडे माझे होते. मुलगी अकरा दिवस तापात होती, मला पेटीपर्यंत जाता आलं नाही. तुम्ही माझ्यासाठी बोललात आणि मी गप्प राहिले. आता तुम्हाला दिसत नाही असं कळलं, म्हणजे तुमच्यासमोर उभं राहायला मला जरा सोपं जाईल, असंही मनात येऊन गेलं. त्याचीही लाज वाटते.

सून वाचून दाखवणार. म्हणजे तिलाही कळणार. कळू दे. चव्वेचाळीस वर्षांचं झाकण, एकदा उचललं की वास घरभर जायचाच.

यांनी पाकिटावर पत्ता लिहिला.  यांचं अक्षर चांगलं आहे म्हणून.

२० फेब्रुवारी

तिकिटं काढली, सहा मार्चची. बाकीची एकोणतीस वर्षं मी स्वतः बघितली, त्या आठवड्यात बत्तीसच्या आसपास असतं. आणि तो आकडा सावलीतला असतो, म्हणजे उन्हात आणखी चढा धरायचा, हेही यांना समजावलं. यांनी वहीत लिहून घेतलं. लग्नानंतर पहिल्यांदाच माझं काही लिहून घेतलं असेल!

पत्राचं उत्तर नाही.

२४ फेब्रुवारी

उत्तर नाही. लेकीला सांगितलं नाही. तिच्या तापाचं ओझं तिच्या डोक्यावर कशाला?

हे दोनदा खाली जाऊन टपालपेटी बघून आले. मला वाटतं मी झोपले आहे असं यांना वाटलं.

१ मार्च

बॅगा काढल्या. दोन पंचे, दोन छत्र्या, गोळ्या. दमले. उत्तर येवो न येवो, जायचं आहे. काकांनी दार उघडलं नाही तर स्टेशनाजवळच्या खोलीत निवांतपणा आहेच.

४ मार्च

जाड पाकीट आलं. सुनेच्या चार ओळी आणि आत अकरा चिठ्ठ्या, पिवळ्या पडलेल्या, टाचणीचा गंज लागलेल्या. प्रत्येकीवर शिसपेन्सिलीने तारीख, वेळ, आकडा. अक्षर काकांचं. एकोणचाळीस दोन. अडतीस नऊ. चाळीस.

सून लिहिते — 'मामंजी रजेवर होते तरी सवयीने रोज माळावर येऊन आकडा बघायचे. रजेत वहीला हात लावायचा नाही, आणि तुम्ही घरात एकट्या, म्हणून दारात आले नाहीत. चिठ्ठी पेटीतच ठेवायचे, म्हणजे तुम्ही उघडाल तेव्हा मिळेल. शेवटी अकराही त्यांनाच मिळाल्या. तुमचं पत्र ऐकून म्हणाले, बाईंना पाठव, त्यांच्याच आहेत.'

अकराव्या चिठ्ठीवर आकड्याखाली बारीक अक्षरात — पोरीचा ताप उतरला का?

उतरला होता. पाचव्या दिवशीच. पुढचे सहा दिवस ती अंगणात खेळत होती आणि मी आत खिडकी लावून पडून होते. थकले होते, जायचं नव्हतं, बस. हे मी यांना सांगितलं नाही, पत्रात लिहिलं नाही. या वहीतही लिहिलं नव्हतं.

परवाची गाडी. काकांना हे तोंडाने सांगायचं आहे.