रविवारच्या फोनआधी

नानाखेडा, उज्जैन
गुरुवार, दुपार

प्रिय विजूआत्या,

पत्र बघून घाबरू नकोस गं, घरी सगळे ठणठणीत आहेत. तू आधी चष्मा शोधशील आणि मग हे घेऊन आलेल्या विलासकाकांना विचारशील की उज्जैनचे मोबाईल बंद पडलेत का. पडले असते तर बरंच झालं असतं. तुझा फोन आला की बाबा तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवतात, हे तुला माहीतच आहे. आई कणीक मळता मळता बोलते, विहंग मधेच अभ्यास सोडून येतो आणि शेजारच्या जयूमावशी आलेल्या असल्या तर त्याही तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून घेतात. मी एकटीनं गुपचूप फोन केला असता, तर तू तो ठेवल्या ठेवल्या बाबांना लावून विचारलं असतंस की श्रीधर, पोरीला काय झालंय रे. म्हणून हा उद्योग. विलासकाका उद्याच्या गाडीनं पुण्याला निघालेत, त्यांच्याबरोबर शेव आणि चादर पाठवतेय, त्यातच हे सरकवलंय.

तीन ठिकाणी नाव लागल्याचं बाबांनी तुला सांगितलंच आहे. इंदूरला कॉम्प्युटर, पुण्याला कॉम्प्युटर आणि अहमदाबादला कापडाचं डिझाईन. तिसरं सांगताना त्यांचा आवाज खाली गेला असेल, हो ना? सगळ्या कॉलनीला पेढे वाटून झाले. आता जो भेटतो तो विचारतो, तो फिर क्या सोचा बेटा? दूधवाले भैयासुद्धा इंदूरच्या बाजूचे आहेत, घरचं दूध मिळत राहील म्हणे. सोमवारी सीट पक्की करायची शेवटची तारीख आहे. मला जेवण जात नाही. वरणभात कालवते आणि तसाच ठेवते. आई म्हणते, तीन तीन कॉलेजं पायाशी आलीत आणि ही बया तोंड पाडून बसलीय, नशीब लागतं गं असं टेन्शन यायला. खरंच आहे तिचं. म्हणून तर कोणाला सांगताही येत नाही.

चादरीबद्दल सांगायचं राहिलं. ती भैरवगडच्या ठशांच्या छपाईची आहे, तुला आवडते तशी, पण या वेळी तिची किनार मी छापलीय. आमच्या शाळेच्या मृण्मयी मॅडमनी दोन वर्षांपूर्वी आम्हा मुलींना तिथल्या एका कारखान्यात नेलं होतं. बाकीच्या फोटो काढून परत आल्या, मी दर सुट्टीत जायला लागले. घरी सांगायचे की मैत्रिणीकडे चाललेय. नंतर कळलं तेव्हा आई म्हणाली, नखं बघ ती, कोण म्हणेल ही मुलगी शिकतेय! एका कोपऱ्यात ठसा थोडा सरकलाय, हसू नकोस. लाकडाचा ठसा रंगात बुडवून कापडावर ठेवते आणि वरून मूठ मारते ना, तेवढा वेळ मला कशाचीच भीती वाटत नाही. बाकी दिवसभर वाटते. बाबांना हे सांगून पाहिलं. ते म्हणाले, ठप्पे मारायला कॉलेज कशाला लागतं, भैरवगडला जा, फुकट शिकवतील. विहंग खो खो हसला. मीही हसले. आपल्याकडे बाबा विनोद करतात तेव्हा हसावंच लागतं.

आणि नंतर मीच माती खाल्ली. परवा संध्याकाळी बाबांनी मला समोर बसवलं. टीव्ही बंद केला, म्हणजे बघ किती गंभीर होते. म्हणाले, बोल शर्वरी, काय करायचं? आत्या, सगळं पाठ करून ठेवलं होतं गं मी. अहमदाबादला काय शिकवतात, पुढे काय करता येतं, सगळं. आणि तोंडातून निघालं काय, तर ‘आत्या म्हणेल ते.’ बाबांचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! आईनं देवापाशी साखर ठेवली. झालं, विषय संपला.

तुला गंमत वाटेल, पण आपल्या घरात हे वाक्य सही-शिक्क्यासारखं चालतं. आजोबा गेल्यावर तू बँकेत लागलीस, दोन्ही भावांना शिकवलंस, तेव्हापासून आपल्याकडे तुझ्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही. फ्रिज कोणत्या रंगाचा, ‘आत्या म्हणेल ते’. आईचं ऑपरेशन इंदूरला की पुण्याला, ‘आत्या म्हणेल ते’. विहंगचं नावसुद्धा तूच ठेवलंस. लहानपणापासून माझ्या तोंडात ते इतकं बसलंय की शाळेत मॅडमनी सहलीला येणार का विचारलं, तरी मी तेच म्हणाले होते. आता येत्या रविवारी बाबा तुला फोन लावतील. विचारतील, ताई, पोरीला तुझ्याकडे पाठवू ना? त्यांनी मनात पुणे केव्हाच पक्कं केलंय. ते म्हणतात, पुणे म्हणजे काय परगाव आहे का, आपलंच आहे, ताई आहे तिथे. आणि तू म्हणशील, हे काय विचारणं झालं, माझी पोर माझ्याकडे नाही तर कुठे राहणार? तू खोलीला रंग काढलायस आणि टेबल घेतलंयस, फोटो पाहिला मी. फार सुंदर आहे गं टेबल. तो फोटो बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

तुझ्याकडे यायचं नाही म्हणून रडले असं समजू नकोस, पाया पडते. तुझ्या हातचं पिठलं मला आईच्यापेक्षा आवडतं, हे आईला सांगू नकोस. तुझ्या शेजारणी माझ्या मराठीला हसतात, मी ‘टेन्शन होऊन राहिलंय’ म्हटलं की मला दुरुस्त करतात, त्याचंही काही वाटत नाही. पण मला दिवाळी आठवते. आई दिवे सोडत होती आणि आपण दोघी रामघाटाच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तुझ्या बँकेतल्या मैत्रिणी आसाम बघायला निघाल्यात, महिनाभर, असं तू सांगितलंस. मी विचारलं, आणि तू? तर म्हणालीस, बघू, तुझं ठरू दे आधी. माझ्याआधी काकांच्या मंदारदादाचं ठरायचं होतं, त्याच्याआधी सौरभदादाचं, दोघंही तुझ्याकडेच राहून शिकले. आत्या, डबे भरून तू कधी कंटाळलीस का, हे आमच्यापैकी कोणी विचारलं का गं तुला?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. रविवारी बाबांनी विचारलं की तू नाही म्हण. शर्वरीला माझ्याकडे ठेवून घेता येणार नाही, एवढंच सांग. अहमदाबादला पाठव असंही म्हणू नकोस. तू म्हटलंस तर बाबा उद्याच्या उद्या पाठवतील, मला ठाऊक आहे. पण मंदारदादानं नोकरी सोडली तेव्हा काकू काय म्हणाली होती? विजूवन्सं म्हणाल्या म्हणून घातला होता इंजिनिअरिंगला. त्याला काय हवं होतं, हे त्या दिवशीही कोणाच्या डोक्यात आलं नाही. अहमदाबादला मोठमोठ्या शहरांतली फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं असतील, मी तोंडावर आपटेन कदाचित. आपटले तर माझी मी आपटेन, त्यात तुझं नाव नको. तुला वाईट वाटेल, त्या टेबलाकडे बघून तर फारच वाटेल, आणि त्याबद्दल मी तुझी माफी कशी मागू तेच कळत नाही. पण बाबांनी जन्मात तुझं ‘नाही’ ऐकलेलं नाही गं. ते गोंधळतील, फोनकडे बघत बसतील. आईकडे बघतील, तर तीही तुझ्याच शब्दावर थांबलेली. मग टेबलाभोवती विचारायला माझ्याशिवाय कोणी उरणार नाही. त्या वेळी मी बोलेन.

तुझीच लाडकी आणि सध्या फार भ्यालेली,
शर्वरी