म्हशीच्या हौदातली अमेरिकन गाडी

मुरुम,
दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस

तीर्थस्वरूप शिवलीलाअक्का हिला धाकट्या महांतप्पाचे शरणु शरणार्थ.

पत्र बघून घाबरू नको, इकडं सगळे जिते-जागते आहेत. फोनवर तू मला दोन वाक्यं पुरी करू देत न्हाईस, आणि या प्रकरणात माझी बाजू तिसऱ्या वाक्याला सुरू होते, म्हणून पत्र. अक्षर नेहमीपेक्षा वाईट आहे, त्याचं कारण शेवटी कळंल. मोनिका आणि बाळ खुशाल असतील. बाळ दाजींच्या तोंडावळ्याचं आहे असं ऐकलं. असू दे, वाढत्या वयात पोरांचे चेहरे बदलतात. पुण्यातल्या जिन्यांनी तुझे गुडघे कितपत शिल्लक ठेवलेत ते कळव. दाजींना नमस्कार सांग, पण पत्र मात्र आधी तू वाच.

तर लेकीच्या बाळंतपणाला जाताना लोहाऱ्याचं घर आणि म्हैस तू माझ्यावर सोपवून गेलीस. घर बरं आहे. म्हैस बरी आहे. हौद मात्र मी मुरुमला आणला.

थांब, लगेच चष्मा काढू नको. माझे स्नेही दानियाल सर (हायस्कुलात इंग्रजी शिकवतात, तुझ्या हातची शेंगापोळी खाऊन अजून नाव काढतात) दर शुक्रवारी संध्याकाळी माझ्या गॅरेजात येतात. मी पत्रे ठोकून उरलेला असतो, ते पोरांवर ओरडून. मग आम्ही चहा मागवून मोबाईलवर जुन्या अमेरिकन गाड्या बघतो. तिकडं सत्तर वर्षांमागं काही हौशी लोकांनी साध्या मोटारीचा वरचा डबा काढून टाकायचा आणि घरामागच्या शेडात स्वतः फायबरची बॉडी घडवून बसवायची, असा नाद धरला होता. एकेकानं वीस-तीस गाड्या केल्या आणि दुकान बंद केलं. पण काय गाड्या, अक्का! कुठं कोपरा म्हणून न्हाय, चाकावरून हात फिरवला तर थेट दारापर्यंत जावा. मी तीस वर्षं लोकांचे जीप-टेम्पो सरळ करतोय, आपल्याकडून असं एक वळण निघालं असतं तर जन्माचं सार्थक म्हणालो असतो. दानियाल सर खालचं इंग्रजी वाचून सांगतात, मी बॉडीचं सांगतो, आणि आमची बायको चंद्रप्रभा आत बसून दोघांनाही नावं ठेवते.

श्रावणातल्या एका शुक्रवारी सरांनी असाच एक फोटो मोठा करून दाखवला. मी म्हटलं, "सर, या गाडीत आमच्या अक्काची म्हैस पाणी पिते." सरांचा चहा सदऱ्यावर सांडला.

तुला ठाऊक आहेच, पण सर म्हणतात हकीकत मुळापासून मांडावी. विहिरी पाडायचं मशीन घेऊन आलेल्या अमेरिकन साहेबानं अशीच एक गाडी जहाजानं आणली होती आणि आपले अप्पा तिचे मिस्त्री होते. साहेब जाताना इंजिन-चाकं विकून गेला, बॉडी अप्पांना देऊन गेला. अप्पांनी ती तुझ्या लग्नात जावयाला दिली (दाजींना स्कूटर पाहिजे होती). दाजींनी रागानं तिचे करवतीनं दोन तुकडे केले. पुढचा उलटा करून, दिव्यांची भोकं सिमेंटनं बुजवून, म्हशीचा हौद झाला आणि मागचा कोंबड्यांवर छप्पर म्हणून गेला. या कामी दाजींची कारागिरी मानायला पाहिजे, चाळीस वर्षांत एक थेंब गळला न्हाय.

मी नवा सिमेंटचा हौद ठेवूनच जुना उचलला. दोन्ही तुकडे बोल्टनं जोडले, बाहेरून घासून लालभडक रंग दिला. आतलं शेवाळ तसंच ठेवलं, आत कोण बघतंय? मुरुमात बोभाटा झाला. लोक विचारायचे, कुणाची? मी म्हणायचो, आमचीच. (हे खोटं न्हाय. पण खरंही न्हाय, हे मला तेव्हाही कळत होतं.) सरांनी पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळाला फोटो धाडले आणि त्यांचा उत्कर्ष नावाचा जाणकार नेमका खंडेनवमीला हजर झाला. गॅरेजात पाने-हातोड्यांची पूजा मांडलेली. चंद्रप्रभा म्हणाली, पाहुण्यांनी बघायच्या आधी गाडीचीही पूजा होऊ द्या. हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. चाकांखाली लिंबं ठेवायची तर चाकंच न्हाईत, म्हणून चार दगडांखाली ठेवली. उत्कर्ष तेवढ्यात बॅटरी घेऊन गाडीखाली शिरलेला. मी आजवर शेकडो गाड्यांच्या बंपरवर नारळ फोडलाय. हात उचलला, "हर हर महादेव" म्हटलं आणि हाणला.

नारळ शाबूत राहिला. बॉनेटला भोक पडलं.

दानियाल सरांनी डोळे मिटून घेतले. खालून उत्कर्ष ओरडला, मला वाटलं लागलं बिचाऱ्याला. पण त्याच्या तोंडावर नुसतं चाळीस वर्षांचं शेवाळ पडलं होतं, आणि तो म्हणत होता, इथं हात आहे. मी खाली शिरलो. भोकाच्या अगदी शेजारी, अप्पांनी कधीतरी आतून लावलेल्या फायबरच्या ठिगळात, लहान पोराचा पंजा उमटलेला होता. खाली खिळ्यानं कोरलेलं: शिवू, वय ३. अक्का, ज्या अप्पांनी साध्या पान्याला हात लावला म्हणून मला बदडलं, त्यांनी साहेबाच्या गाडीत तुझा हात पुसला न्हाय, उलट खाली नाव घातलं. मी तिथंच, गाडीखाली, पडल्या पडल्या रडलो. उत्कर्ष शहाणा, त्यानं बॅटरी विझवली.

गाडी अस्सल निघाली. जानेवारीत पुण्याच्या प्रदर्शनात ठेवायचं म्हणतात, फक्त आतून घासून गुळगुळीत करावी लागंल. मी म्हटलं, आतून कुणी हात लावायचा न्हाय, गाडी माझ्या बहिणीची आहे. गावासमोर पहिल्यांदाच खरं बोललो. लोक हसले, पण मला हलकं वाटलं.

बाकी क्षेम. बाळाची दृष्ट काढत जा.

तुझा,
महांतप्पा

ता. क. सोबत प्रदर्शनाचा कागद आहे. मालक म्हणून तुझं नाव घातलंय, सही तेवढी पाहिजे. तू न्हाय म्हणालीस तर हौद होता तसा परत लावून देईन, सिमेंटसकट. तुझ्यावर राग धरणार न्हाय. दानियाल सरांचं सांगता येत न्हाय.

ता. क. दुसरा. म्हशीनं नव्या हौदाला तोंडच लावलं न्हाय, इतके दिवस शेजारी बादलीनं पाजत होते. म्हणून तिला मुरुमला आणलंय. बोल्ट काढून, भोकांत बोळे कोंबून गाडीचा पुढचा भाग सध्या पुन्हा उलटा आहे, आणि ती आधीसारखीच तुझ्या पंजावरचं पाणी पिते. या शुक्रवारी सर तिच्याकडं पाठ करून बसले.

ता. क. तिसरा. माझं नाव कुठं आहे का म्हणून मी आख्खी गाडी तीनदा तपासली. न्हाय. असणार कसं, मी तेव्हा जन्मलो नव्हतो. नवमीच्या संध्याकाळी नारळाचं भोक बुजवलं, आणि ठिगळ ओलं होतं तेव्हा तुझ्या पंजाशेजारी माझाही दाबला. तुला न विचारता. फायबरचं रेझिन वाळताना तापतं हे मी सगळ्या गावाला सांगत असतो, तरी हाताखाली मेणकागद घ्यायचा विसरलो. पंजा झकास उठलाय. माझा मात्र सोलून निघाला, म्हणून हे सगळं डाव्या हातानं लिहिलंय.