बाबांचा पूल आणि दोन यंत्रं

मी, खाली सही करणारी, दातांच्या कवळ्या बनवणारी, अविवाहित, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. शरीर थकलं आहे, डोकं जागेवर आहे. शंका असेल त्याने साक्षीदार डॉक्टरीणबाईंना विचारावं.

१. राहतं घर व बँकेतील ठेव धाकट्या भावास. त्यात दुसरा वाटेकरी नाही.

२. कवळ्यांचे साचे, घासणी व भट्टी माझ्या जोडीला काम करणाऱ्या बाईंना. माप घेताना त्या घाई करतात, ती सवय त्यांनी सोडावी.

३. टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं काळं यंत्रही भावास. तो नाक मुरडेल, कारण त्याच्याकडे पांढरं आहे. त्याच्या मते काळ्याचा पडदा म्हणजे अडगळीची खोली. चार कप्पे उघडल्याशिवाय हवं ते सापडत नाही. माझ्या मते पांढऱ्याच्या पडद्यावर खेळ कमी, जाहिराती फार. हे मत मरेपर्यंत बदलणार नाही. मात्र पांढरं एका बाबतीत सरस: खेळ चालू असतानाच ते सगळं ऑनलाइन साठवतं. माझं काळं निघताना विचारून साठवायचं, आणि मध्येच बंद केलं तर आधीचंही जायचं.

शेवटच्या आजारपणात बाबांनी माझ्या यंत्रावरच्या खेळात एक गाव वसवलं होतं. नदी, घरं, पूल. बाबा गेल्यावर भाऊ राहायला आला, त्या गावात बराच वेळ फिरला आणि आपल्या घरच्या सवयीने सरळ बटण दाबून उठला. गाव गेलं. मी म्हणाले, "बाबांना तू दुसऱ्यांदा घालवलंस." तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

४. पुढे काळ्या-पांढऱ्याला एकत्र खेळता येईल असा खेळ आला. भाऊ तिथे लहानपणीच्याच 'छोट्या' या नावाने सापडला. त्याच्यासोबत गाव बांधणारी 'निवांत' ती मीच. दोन यंत्रांमध्ये आवाज जात नाही, फक्त लिहिता येतं, म्हणून त्याने ओळखलं नाही. मी पूल बांधायला घेतला तेव्हा त्याने लिहिलं, "इथे नको. वळणापलीकडे बांध. आमच्या बाबांचा तिथे होता."

मी रडले आणि पूल हलवला. राग त्याच दिवशी संपला. फोन मात्र केला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं आमचं घराणं.

५. त्या गावाची मालकी मी भावाच्या नावे केली आहे. छोट्या, निवांत आता येणार नाही, वाट पाहत बसू नकोस. पुलाचा एक कठडा राहिलाय, तो तू पुरा कर. आणि उठताना खुशाल सरळ बंद कर. हे गाव आपोआप साठतं.

सही: थोरली बहीण

हे सर्व तिने आम्हाला वाचून दाखवलं, मध्ये दोनदा थांबली, मग आमच्यासमोर सही केली.
साक्षीदार: १. दातांच्या डॉक्टरीणबाई २. खालच्या मजल्यावरचे शिंपी
स्थळ: राहतं घर. दिनांक: ११ ऑक्टोबर २०२४