डिग्बीच्या घंटेतलं गवत

ब्रॉन,

सकाळी सातला आपला सामानाचा घोडा फाटकाशी येऊन उभा राहिला, डिग्बी एकटाच. पाठीवर बाबाचा तंबू, पांघरूण, मी बांधून दिलेला केकसुद्धा तसाच. बाबाही नाही आणि तो बसतो ती घोडीही नाही. तुझ्या मैत्रिणींच्या शनिवारच्या सहलीसाठी वरच्या कुरणात मुक्कामाची जागा बघायला परवा निघाला, तेव्हा मी म्हटलं होतं की नदीला पाणी आहे. तर म्हणे, "अगं, नदी मला ओळखते."

शेजारचे मर्व्हकाका म्हणाले, "वहिनी, येत असेल मागून पायी, घोड्यांना शिव्या घालत." पण बोलताना त्यांची नजर डिग्बीच्या गळ्यातल्या घंटेवर होती. वाटेत वाजू नये म्हणून बाबा तिच्यात गवत कोंबतो. मुक्कामाला पोचला की चहाच्याही आधी ते काढतो, म्हणजे चरायला सोडलेला घोडा आवाजावरून सापडतो. गवत अजून आतच आहे.

पोलिसांना कळवलंय, पण ढग हटेपर्यंत त्यांचं हेलिकॉप्टर उडणार नाही. मी आणि मर्व्हकाका घोड्यांवरून नदीकडे निघतोय. तू मागे येऊ नकोस, फोनजवळच बस. मैत्रिणींना सहल रद्द म्हणून कळव. कारण विचारलं तर पाऊस सांग.

डिग्बीच्या पोटापर्यंत नदीची वाळू आहे, ती धू. त्याला खायला घाल, रागावू नकोस.

घंटेला मात्र हात लावू नकोस. ते गवत बाबाच येऊन काढेल.

आई