बोट ओळीवर

प्रिय ताई,

रागात पत्र लिहू नये, असं आई म्हणायची. पण चार दिवस झाले तरी माझा राग उतरत नाही, म्हणून तसाच लिहायला बसलोय.

सोमवारी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, माझ्या पाचवीच्या वर्गात आल्या. वाचनाचा तास होता. मागच्या बाकांवरची सहा मुलं हेडफोन लावून ऑडिओबुक ऐकत होती. नुसती ऐकत नव्हती. प्रत्येकासमोर तेच पुस्तक उघडं होतं, आणि आवाज ज्या ओळीवर, त्याच ओळीवर बोट. बोट थांबलं की गोष्ट थांबवायची, हा माझा नियमच आहे. बाईंना बोटं दिसलीच नाहीत, फक्त कान दिसले. वर्ग आहे की गाण्याचा कार्यक्रम, म्हणाल्या, आणि सगळे हेडफोन नेऊन ऑफिसच्या कपाटात कुलपात टाकले.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर मी गिळलं असतं. त्यांनी पुटपुटीला उभं केलं. वर्षाच्या सुरुवातीला पुस्तक उघडलं की या मुलीच्या पोटात दुखायचं. हेडफोन लावल्यापासून ती आवाजासोबत ओठ हलवते, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं. आता आवाज बंद केला तरी अर्धं पान एकटी पुटपुटत जाते. बाईंनी तिच्या हातात कधी न पाहिलेलं पुस्तक दिलं आणि मोठ्याने वाच म्हणाल्या. तिसऱ्या शब्दाला ती अडली. सगळा वर्ग मागे वळून बघत होता. पोटावर हात धरून ती खाली बसली, आणि बाई मला म्हणाल्या की ही निव्वळ फसवणूक आहे.

पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात, त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही. मग गोष्ट कानावाटे आत गेली तर कुणाचं काय घोडं मारलं? आता पुढच्या शनिवारी तिच्या आईला बोलावलंय. मुलीला पुन्हा पाचवीतच बसवायचं का, ते ठरणार आहे.

तेव्हापासून मला आपलं इस्त्रीचं टेबल आठवतंय. आई इस्त्री करता करता तुझा धडा मोठ्याने वाचायची, तू समोर बसून बोट फिरवायचीस, आणि मी टेबलाखाली. तू जाशील तिथे मी, म्हणून तू मला शेपूट म्हणायचीस. दोन दिवसांत धडा तुला तोंडपाठ. आजही दुकानात बायकांची मापं तू वहीत न लिहिता लक्षात ठेवतेस. मग एक दिवस ते शाळेत कळलं. आईला बोलावून दम दिला, वाचून दाखवणं बंद झालं आणि तुझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तू माझ्याच वर्गात, माझ्या शेजारच्या बाकावर होतीस. सहा महिन्यांत तू शाळा सोडलीस.

शाळेत कुणी सांगितलं, हे तू कधीच विचारलं नाहीस. मी सांगितलं, ताई. तुझ्या बाई आमच्या वर्गात येऊन म्हणाल्या होत्या, बहिणीसारखा धडा तयार करत जा. मला ते झोंबलं. मी हात वर केला आणि म्हणालो की ती वाचतच नाही, आई वाचते, ती फसवते. चार दिवस मी मोठ्या बाईंवर दात खातोय, पण तो शब्द त्यांच्या कितीतरी आधी माझ्याच तोंडून निघाला होता.

हे पत्र मी मोठ्याने वाचून तुझ्या फोनवरही पाठवलंय. तुझ्या लेकीला वाचून दाखवायला सांगू नकोस. कागद समोर धर, आवाज लाव, ओळीवर बोट ठेव. तुला बोलवायचा हक्क मला नाही, तरी शनिवारी ये. त्या आईला सांग, वर्ष मागे ठेवल्यावर मुलीचं काय होतं. माझी चहाडीही सांग, मोठ्या बाईंच्या देखत. मी तिथेच उभा असेन. बोट इथवर आलं असेल, तर हे पत्र तू वाचलंस. कुणी काहीही म्हणो.

तुझंच,
शेपूट